हुन्नर कारागिराचा, नाव कुणाचे?



पदवीचे निकाल लागले की अनेक घरांत एकच विषय निघतो. मुलगा बी.कॉम. झाला, मुलगी बी.बी.ए. झाली, आता पुढे काय? कुणी सांगते, एम.बी.ए. कर, मोठ्या कंपनीत लागशील. अब्बा फीचा आकडा ऐकून गप्प होतात आणि अम्मी विचारते, "ते शिकून नेमके करतात तरी काय?" प्रश्न साधा आहे, पण बहुतेकांकडे त्याचे एकच उत्तर असते: पगार.

त्या उत्तरात चूक काही नाही. घर चालवायला पगार लागतोच. पण व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांना, म्हणजे ज्यांना आपण बिझनेस स्कूल म्हणतो त्यांना, दुसरेही एक काम जमते. त्यांच्याकडे हिशेब, बाजार, कर्ज, कायदा आणि माणसे जोडण्याचे शास्त्र असते. हे शास्त्र कंपनीच्या नफ्याला उपयोगी पडते, तसेच विणकराला, चर्मकाराला, कुंभाराला, शेतकऱ्यालाही पडू शकते. आपल्या देशात हा प्रयोग झालेला आहे आणि त्यात यश, अपयश, अन्याय असे सगळेच पाहायला मिळाले आहे. या महिन्यात आम्ही त्याविषयी लिहीत आहोत. त्याचे कारण असे की आपल्या समाजाचा या विषयाशी दोन्ही बाजूंनी संबंध येतो. आपली मुले तिथे शिकायला जातात, आणि तिथली मुले हातात फॉर्म घेऊन आपल्या मोहल्ल्यातल्या कारागिरांच्या दारात येतात.

खुर्ची सोडून जावजाला

अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, १९६१ साली सुरू झाली. अमेरिकेतल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने तिच्या उभारणीत मदत केली होती. १९६५ साली रवी मथाई हे तिचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३८ वर्षांचे होते. सात वर्षांत त्यांनी संस्था नावारूपाला आणली आणि १९७२ साली आपणहून संचालकपद सोडले. विशेष म्हणजे ते संस्था सोडून गेले नाहीत. तिथेच साधे प्राध्यापक म्हणून राहिले.

पुढे १९७५ च्या सुमारास ते राजस्थानातल्या जावजा या भागात गेले. तेव्हा अजमेर जिल्ह्यात असलेला हा कोरडा, वारंवार दुष्काळ पडणारा मुलूख. सुमारे २०० गावे आणि ८० हजारांच्या आसपास लोकसंख्या. पाहणी करणाऱ्यांना तिथे विकासाला लागणारी साधनेच दिसत नव्हती. मथाई यांनी उलट विचार केला. ८० हजार माणसे आहेत, त्यांच्या हातात पिढ्यानपिढ्यांचे काम आहे, मग साधने नाहीत असे कसे म्हणायचे?

त्यांनी विणकर आणि कातडीकाम करणाऱ्या कुटुंबांबरोबर काम सुरू केले. अहमदाबादचीच राष्ट्रीय डिझाइन संस्था त्यांच्या जोडीला आली. डिझाइन शिकवणारे लोक कारागिरांबरोबर बसले आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला आवडतील अशा पिशव्या, सतरंज्या त्यांनी मिळून तयार केल्या. व्यवस्थापनाचे प्राध्यापक कच्चा माल कुठून घ्यावा, दर कसा ठरवावा, पैसे कसे वाटून घ्यावेत हे कारागिरांबरोबर बसून सोडवू लागले. पट्टीचे कारागीर असूनही ही माणसे गरीब का राहतात, याचे उत्तर त्यांना तिथे सापडले. माल देणारा एकच, घेणारा एकच आणि उसने देणाराही बहुधा त्यांच्यापैकीच एक. अशा वेळी कारागिराला भाव ठरवायला जागाच उरत नाही. त्यातून कारागिरांचा स्वतःचा संघ उभा राहिला.

मथाई यांचा एक आग्रह आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरून आलेल्या माणसाने पहिल्या दिवसापासून आपल्या जाण्याची तयारी करावी. आपण गेल्यावर काम बंद पडणार असेल, तर आपण मदत केली नाही, परावलंबन वाढवले. मथाई १९८४ साली वारले. जावजाच्या कारागिरांचा संघ मात्र त्यांच्यामागे अनेक वर्षे चालत राहिला.

मधमाशीची रीत

त्याच संस्थेत १९८१ साली अनिल गुप्ता नावाचे एक तरुण प्राध्यापक आले. शेतकरी आणि गरीब माणसे आपले प्रश्न स्वतःच्या अकलेने कसे सोडवतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यावर ते इंग्रजीत लेख लिहीत, परिषदांना जात, त्यांचे नाव होत असे. पण एक गोष्ट त्यांना सतावू लागली. ज्या शेतकऱ्याने ज्ञान दिले त्याला यातून काय मिळाले? लेखात त्याचे नाव नाही. लेख ज्या भाषेत आहे ती त्याला येत नाही. आणि त्या ज्ञानावर झालेल्या कमाईत त्याचा वाटाही नाही.

या अस्वस्थतेतून १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'हनी बी नेटवर्क' सुरू झाले. हनी बी म्हणजे मधमाशी. ती फुलातला रस घेते, पण फुलाचे काही बिघडत नाही. उलट एका फुलाचा पराग दुसऱ्याला पोहोचवून ती त्यांना जोडते. संशोधकानेही तसेच वागावे, असे या मंडळींनी ठरवले. त्यांच्या रीतीत तीन गोष्टी होत्या. ज्याचे ज्ञान, त्याचे नाव-गाव छापायचे. जे छापले ते त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत परत न्यायचे. म्हणूनच त्यांचे नियतकालिक इंग्रजीबरोबर गुजराती, हिंदी, तमिळ अशा भाषांतूनही निघू लागले. आणि त्या ज्ञानातून पैसा झाला, तर मूळ माणसाला त्याचा हिस्सा द्यायचा.

१९९३ साली या कामासाठी 'सृष्टी' ही संस्था निघाली. १९९८ पासून शोधयात्रा सुरू झाल्या. प्राध्यापक, विद्यार्थी, शेतकरी मिळून उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात गावोगाव पायी चालतात. पहिली यात्रा गुजरातेत गीरच्या जंगलापासून गढडापर्यंत झाली. वाटेतल्या गावांत कुणी काही नवी युक्ती काढली असेल, तर ती सगळ्यांसमोर मांडायला सांगतात आणि त्याच्याच गावात त्याचा सत्कार करतात. स्त्रियांसाठी रानभाज्यांच्या पदार्थांची स्पर्धा असते. एखाद्या आजीला चाळीस भाज्या ओळखता येतात, हेही ज्ञानच आहे आणि ते तिच्या नावावर नोंदले गेले पाहिजे, असा त्यामागचा विचार. आयआयएमच्या विद्यार्थ्यांसाठी तर शोधयात्रा हा अभ्यासक्रमातला एक विषयच झाला.

सन २००० मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याच्या पाठबळाने राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, म्हणजे एनआयएफ, उभे राहिले. देशभरातल्या सामान्य माणसांच्या युक्त्या शोधणे, त्या तपासणे, पेटंटसाठी मदत करणे, लहान भांडवल मिळवून देणे अशी कामे ते करते. एका प्राध्यापकाला पडलेल्या प्रश्नातून सुरू झालेले काम असे देशपातळीवर गेले.

तीन माणसे, तीन नशिबे

आता तीन माणसांची हकीकत सांगतो. त्यावरून या कामाची ताकद कळेल आणि मर्यादाही.

पहिले मनसुखभाई प्रजापती, गुजरातेतल्या वांकानेरचे कुंभार. २००१ च्या भूकंपात त्यांची मातीची भांडी फुटली. फुटक्या माठांचा फोटो एका वर्तमानपत्रात आला, त्याखाली मजकूर होता की गरिबांचा फ्रिज फुटला. त्या ओळीने त्यांच्या डोक्यात कल्पना घातली. विजेशिवाय चालणारा, मातीचाच फ्रिज का करू नये? वरच्या भागात पाणी, ते मातीतून झिरपते, वाफ होऊन उडते आणि आतली भाजी, दूध थंड राहते. माठाचेच तत्त्व, फक्त कपाटाच्या आकारात. बरीच वर्षे खटपट करून त्यांनी 'मिट्टीकूल' तयार केला. हनी बीच्या मंडळींनी माल तपासणे, भांडवल, प्रसिद्धी, बाजार यांत साथ दिली. आज मनसुखभाईंचा मातीच्या वस्तूंचा मोठा व्यवसाय आहे आणि मिट्टीकूल त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

दुसरे मोहम्मद सईदुल्लाह, बिहारमधल्या मोतिहारीचे. १९७५ च्या पुरात त्यांना नदी ओलांडायची होती आणि नावेचे भाडे परवडत नव्हते. त्यांनी सायकलीला दोन्ही बाजूंनी तरंगणारे फुगीर भाग लावले आणि पाण्यावर चालणारी सायकल बनवली. रस्त्यावर आले की तेच भाग वर उचलून घ्यायचे आणि सायकल नेहमीसारखी चालवायची. त्यांनी पुढेही अनेक यंत्रे केली आणि आपल्या बेगमच्या नावावरून त्यांना 'नूर' हे नाव दिले. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. नाव झाले, मान मिळाला. पण त्या सायकलीचा कारखाना काही निघाला नाही आणि दरवर्षी पुरात अडकणाऱ्या लाखो लोकांपर्यंत ती पोहोचली नाही. युक्ती आणि बाजार यांच्यामध्ये लांब रस्ता असतो. कारखानदार शोधणे, किंमत खाली आणणे, दुरुस्तीची सोय करणे ही सगळी कामे त्या रस्त्यावरची आहेत. ती खरे तर बिझनेस स्कूलच्याच आवाक्यातली. पुरस्कार देणे त्या मानाने फार सोपे.

तिसरे आपल्या महाराष्ट्रातले. दादाजी खोब्रागडे, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडून वाढवल्या आणि बारीक, चवदार तांदळाचे नवे वाण तयार केले. त्या काळी एचएमटी घड्याळ लोकप्रिय होते, म्हणून व्यापाऱ्यांनी त्या तांदळाला 'एचएमटी' म्हणायला सुरुवात केली. आज आपल्या कितीतरी घरांत हा तांदूळ शिजतो.

१९९४ साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने दादाजींकडून प्रयोगासाठी बियाणे नेले. १९९८ साली विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण प्रसारित केले. शेतकऱ्यांचे बियाणे शुद्ध करून ते तयार केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. पण ज्याने ते वाण शोधले त्याच्या पदरात ना श्रेय पडले, ना हिस्सा. एनआयएफने त्यांच्या कामाची नोंद घेतली, २००५ साली त्यांनाही राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, पुढे परदेशी मासिकांनीही दखल घेतली. तरी घरची तंगी सरली नाही. जून २०१८ मध्ये दादाजी वारले.

सईदुल्लाह यांना नाव मिळाले, बाजार मिळाला नाही. दादाजींच्या तांदळाला अफाट बाजार मिळाला, पण त्यातले त्यांच्या घरी काही आले नाही. मनसुखभाईंना दोन्ही मिळाले. हुन्नर तिघांकडेही होता. कुणी, केव्हा आणि कोणत्या शर्तीवर त्यांच्याशी भागीदारी केली, एवढाच फरक.

वीस रुपये तास

अशी भागीदारी घरगुती पातळीवर काय करू शकते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एक बहीण घरी बसून दुपट्ट्यावर जरीकाम करते. धागा आणि मणी १५० रुपयांचे. तीन दिवस, रोज पाच तास काम. व्यापारी ४५० रुपये देतो. ती म्हणते, ३०० रुपये सुटले. आता हिशेब मांडा. ३०० रुपयांना १५ तास, म्हणजे तासाला २० रुपये. त्यात सुया, वीज, माल पोहोचवायचे रिक्षाभाडे धरलेले नाही. मुलीने अभ्यास सोडून मणी ओवून दिले, तेही धरलेले नाही. डोळ्यांवर पडणारा ताण तर कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला हा हिशेब मांडायला एक तास पुरतो. त्यानंतर त्याने पुढचे प्रश्न घ्यावेत. दहा बहिणींनी मिळून माल घेतला तर धागा किती स्वस्त पडेल? कोणत्या नक्षीला वेळ कमी आणि भाव जास्त? व्यापाऱ्याला वगळता येत नसेल, तर निदान दुसरा व्यापारी कोण? बचत गटाचे कर्ज कोणत्या महिन्यात घ्यावे, म्हणजे लग्नसराईचा माल वेळेवर तयार होईल? या कामाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि घरातल्या स्त्रीच्या कामाला काम मानण्याची नजर.

मुंबईतल्या एस. पी. जैन व्यवस्थापन संस्थेत विद्यार्थ्यांना काही आठवडे सामाजिक संस्थांबरोबर जाऊन काम करावे लागते आणि तो शिक्षणाचाच भाग धरला जातो. अशी सोय प्रत्येक जिल्ह्यातल्या एम.बी.ए. महाविद्यालयाला करता येण्यासारखी आहे. अडचण असते ती मोजमापाची. प्राध्यापकाची बढती बहुधा शोधनिबंधांवर ठरते. विणकराच्या ओसरीवर घालवलेले दिवस त्यात मोजले जात नाहीत. त्यामुळे पाहणी होते, निबंध होतो आणि पाहणी झालेले घर होते तिथेच राहते.

पैशाची अडचण मात्र पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले आहे. हा पैसा शिक्षणसंस्थांमार्फतही येतो. तो अहवालातल्या फोटोंवर संपतो की कारागिराच्या हातात काही ठेवून जातो, हे पाहणारे कुणी तरी हवे.

दारात पाहुणे आले तर

मिरजेचे सतारमेकर, मालेगाव-भिवंडीचे यंत्रमागवाले, औरंगाबादचे हिमरू विणकर, मुंबईतल्या गल्ल्यांतले जरीवाले यांच्याकडे अभ्यास करायला लोक येतच असतात. त्यांना चहा जरूर द्यावा. पण त्याबरोबर काही प्रश्नही विचारावेत, असे आम्ही सुचवू.

हा अभ्यास कशासाठी आणि त्याचा खर्च कोण करतो? माझे नाव कुठे येईल, आणि मला नको असेल तर ते गाळाल का? जे लिहाल ते मराठीत किंवा उर्दूत आम्हाला वाचायला देणार का? माझ्या नक्षीवर, माझ्या युक्तीवर कुणी माल काढला, तर माझा हिस्सा किती? तुमचा प्रकल्प संपल्यावर हे काम कोण पाहील? उत्तरे कागदावर घ्यावीत आणि त्या कागदाची एक प्रत घरी ठेवावी. प्रश्न विचारल्याने चांगला संशोधक नाराज होत नाही, उलट त्याला आदर वाटतो.

कायद्याच्याही दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एखादे नवे यंत्र केले असेल, तर पेटंटचा अर्ज करण्याआधी त्याची रचना जाहीर करू नये. आधीच जाहीर झालेल्या युक्तीला पेटंट मिळणे अवघड असते. परंपरेने चालत आलेल्या ज्ञानावर आपल्या देशात पेटंट मिळत नाही. तिथे भौगोलिक मानांकनाचा मार्ग असतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली असे मानांकन मिळाले. ते एका माणसाचे नसते, त्या भागातल्या सगळ्या कारागिरांचे असते. पण त्याचा अधिकृत वापर करायचा तर प्रत्येकाने स्वतःचे नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी करून देणे हे महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी एका सुट्टीचे उत्तम काम आहे. शेतकऱ्याने नवे वाण काढले असेल, तर २००१ च्या कायद्यानुसार त्याला ते स्वतःच्या नावावर नोंदवता येते. दादाजींनी बियाणे दिले तेव्हा हा कायदा नव्हता. आज आहे.

आता पुन्हा अम्मीच्या प्रश्नाकडे. ते शिकून नेमके करतात काय? तुमच्या घरचे मूल एम.बी.ए.ला जाणार असेल, तर प्रवेश घेताना महाविद्यालयाला एवढे विचारा की विद्यार्थ्यांना गावात, वस्तीत काम करायला पाठवता का, किती दिवस, आणि त्याचे गुण देता का. उन्हाळी प्रकल्पाची वेळ आली की मुलाला किंवा मुलीला सांगा, कंपनी जरूर बघ, पण एक प्रकल्प आपल्या मोहल्ल्यातला कर. मामूंच्या कारखान्याचा हिशेब मांड, खालांच्या बचत गटाची वही तपास, शेजारच्या उस्तादांचे नाव मानांकनाच्या यादीत आहे का ते बघ. वरच्या पानावर त्यांचे नाव लिही, मग आपले. आणि अहवाल पूर्ण झाला की त्याची पहिली प्रत त्यांच्या घरी नेऊन, त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखव.